अकरा वाजेपर्यंत

डंडीत सकाळी समुद्र गावात येतो,
भरती म्हणून नव्हे, धुकं म्हणून.
इथे त्याला ‘हार’ म्हणतात.
आपल्याकडे हार कुणीतरी घालावा लागतो,
इथे तो टे नदीच्या पुलाला आपोआप पडतो.

इझोबेल पेट्री, वय एकाहत्तर,
हनुवटी मशीनवर टेकवते.
हलू नका, म्हणते मी,
ती श्वाससुद्धा धरून ठेवते.
पडद्यावर उमटते तिच्या डोळ्याच्या काचेची मागची बाजू:
सहा कोनांच्या पेशी, एकमेकींना बिलगून,
आणि मध्ये मध्ये काळे खड्डे,
कुणी फरशा उचलून नेल्या
नि परत आणल्याच नाहीत असे.

मी मोजते. आठशे चाळीस.
दोन हजारांच्या पुढे हव्या होत्या.
या पेशींना मागून भर नाही. एक गेली की
शेजारणी हातपाय पसरून तिची जागा धरतात
आणि पाणी उपसत राहतात,
काच फुगू नये म्हणून.
रात्री पापण्या मिटल्या की
पाणी जिंकतं.
मग सकाळी तिला धुकं दिसतं,
खिडकीबाहेर असो नसो.

“आम्ही पेट्री लोक अकराच्या आधी कामाचे नाही,” ती हसते.
“बाबा पुलाला रंग द्यायचे. मुकादम खालून ओरडायचा,
लोखंड सोडून हवेला फासतोस काय रे!
दुपारनंतर मात्र त्यांच्यासारखी रेघ कुणाची नसे.
अ‍ॅग्नेस आत्या तागाच्या गिरणीत.
सकाळपाळीचे तुटलेले धागे तिच्या पगारातून जायचे.
आळशी म्हणत आम्हाला. अख्ख्या घराण्याला.”

रक्ताचा अहवाल फाइलमध्ये आहे.
अठराव्या गुणसूत्रावर तीन अक्षरांचा एक शब्द
बहुतेकांत वीसेक वेळा येतो, आणि वाक्य पुढे सरकतं.
हिच्यात तो अडकलाय. ऐंशी वेळा, नव्वद वेळा,
जीभ अडखळलेल्या पोरासारखा.
इतकं अडखळूनही काहींची काच
शेवटपर्यंत लख्ख राहते.
का, असं विचारलं
तर डॉक्टर रॅट्रे चष्मा पुसत बसतात.

मी तिला एवढंच सांगते:
तुमचे बाबा आळशी नव्हते.
ती बराच वेळ हनुवटी उचलत नाही.

पेशंट संपल्यावर मशीन तपासायला
मी रोज स्वतःचाच डोळा लावते.
दोन काळे ठिपके, रोज बघून न बघितलेले.
आज तीन.

कऱ्हाडला आई सुईत दोरा
जेवणं झाल्यावरच ओवायची.
सकाळी ब्लाउजपीस घेऊन आलेल्या बायकांना म्हणायची,
नेढं अजून उघडलं नाही गं, दुपारी या.
आम्ही पोरं हसायचो.

बाहेर हार उतरतोय.
पुलाला एकेक खांब परत मिळतोय.
मी फोन लावते. तिकडे दिवेलागण.
आई, सकाळी उठल्या उठल्या
भिंतीवरची तारीख दिसते का गं तुला?

“हे काय मध्येच,” ती म्हणते.
“अकरा वाजेपर्यंत नाही दिसत.
तोवर मी कालचीच धरून चालते.”