लिंबाभोवती लोटन

शिंदखेड्याच्या कॉलेजात, पहिल्या वर्षाला
मी फळ्यावर 'लूप' लिहिलं
आणि चाळीस चेहरे पत्र्याच्या छपरासारखे
नुसतेच तापत राहिले.

त्याआधी तारे वाटून झाले होते.
बरोबर उत्तराला एक, गृहपाठाला दोन,
भिंतीवर तक्ता, सोनेरी कागद दोंडाईच्याहून आणलेला.
पंधरा दिवस पुरला लोभ.
मग हर्षल गिरासे म्हणाला,
'मॅडम, या तारास्ना बाजारमा काय भाव शे?'
मला भाव ठाऊक नव्हता.

एक वाजता लाइट गेली.
यंत्रांनी माना टाकल्या.
म्हटलं, चला अंगणात. एक जण यंत्र होईल.
सांगाल तेवढंच करेल,
तुमच्या मनातलं त्याला कळणार नाही.
लोटन पुढं आला, आजोबांचं नाव मिळालेला,
बारावीला तीनदा बसलेला.

पाच पावलं चाल. चालला.
उजवीकडे वळ. वळला.
लिंबाला फेऱ्या घाल, कुणीतरी ओरडलं,
आणि कधी थांबायचं ते सांगायचं राहूनच गेलं.

तिसऱ्या फेरीला हसू. सातव्या फेरीला शिट्ट्या.
अकराव्या फेरीला तो घामानं निथळत, नजर सरळ,
यंत्रापेक्षा इमानी,
आणि पोरं एकेक करून गप्प.
भाविका भदाणे,
जिचा आवाज मी हजेरीपुरताच ऐकला होता,
पायरीवरून अनवाणी उठली:
'सावली शे तवलगून चाल!
ऊन उनं का थांब!'

विजेच्या तारांसाठी जिथली फांदी तोडली होती
तिथं उन्हाचा एक तुकडा पडला होता.
लोटननं त्यात पाय ठेवला. थांबला.
हर्षल हळूच म्हणाला, 'हाई लूप शे व्हय?'

लाइट आली तशी आत धावले. चार दिवसांत खेळ झाला:
एक झाड, एक ठिपका, सरकतं ऊन.
हरल्यावर काय दिसावं? भाविकानं लिहिलं,
'आजून खेय.'

लोटन नऊ वेळा हरला.
दहाव्यांदा बोट कळीवर ठेवून म्हणाला,
'मॅडम, आठे नापास म्हनतस नही.'

पर्समधलं लाल पेन मला उगाच टोचलं.
एप्रिलच्या पेपरात व्याख्या येईल, गुण चार,
आणि तो बहुधा दोनच मिळवेल.

संध्याकाळी माझी बस चुकली.
लिंबाखाली धुळीत गोल वाट अजून होती,
आणि एका जागी
टाच रुतल्याची खूण.