टिचकी

उद्यमनगरात, आमच्या फौंड्रीमागं,
चिंध्यांच्या खोक्यात मांजरीनं तीन टाकली.
दीड महिन्यात एकाचं पोट असं सुटलं
की मागचे पाय त्याला न विचारता फाकायचे.

“बाळसं धरलंय,” फेटलिंगवाला बाबासो म्हणाला.
रोज संध्याकाळी गंगावेशीतनं
म्हशीचं धारोष्ण दूध किटलीत आणायचा तोच.
थोडा फेस बशीत,
उरलेला मिशीला.

मी हात फिरवला.
पोट घागरीगत ताठ,
आणि पाठीवर एकेक मणका मोजून घ्यावा असा वर आलेला.
पोटभर जेवणाऱ्याची पाठ अशी नसते.

सव्वीस वर्षं मी हेच करत आलोय:
गार झालेल्या कास्टिंगवर हातोडीची टिचकी,
कान जवळ.
भरीव असलं तर गातं.
आत ब्लोहोल असलं तर
बद्द.
वरनं दोन्ही सारखीच गुळगुळीत.
पण पिल्लाला हातोडी?

नेजदार डॉक्टरीणबाईंनी
एक बोट पोटावर आडवं ठेवलं,
त्यावर दुसऱ्या बोटाची टिचकी. डोळे मिटून.
मी मनातल्या मनात त्यांना मिस्त्री म्हणून टाकलं.

“वारा धरला असेल तर ढोल वाजतो.
पाणी असेल तर इकडं टिचकी दिली
की पलीकडच्या तळव्याला लाट लागते.
शी अडकली असेल तर खडे लागतात.
आणि जंत असतील,
तर लोक म्हणतात बाळसं.”

बाबासोनं किटली पाठीमागं घेतली.
“जंत आलं कुठनं, बाई?”
“आईच्या दुधातनं.”
तो गप्प. मग हळूच, “म्हशीच्या न्हवं न्हवं?”
“म्हशीच्या दुधानं नुसती हगवण. तेही बंद करा.”

वजन चारशे दहा ग्रॅम.
त्यात त्याचं किती, पाहुण्यांचं किती, देव जाणे.
औषध थेंबांत. पंधरा दिवसांनी परत. आईलापण.

दुसऱ्या दिवशी चिंध्यांवर शेवया.
बाबासोनं महिनाभर खीर खाल्ली नाही.

पोट उतरलं, पिल्लू मुठीएवढं झालं.
“वाळलं की ओ,” चहावाल्या शेवंताक्का हळहळल्या,
तवर ते वाळूच्या ढिगावर चढून
कोअर बॉक्सच्या मागं पसार.

मधल्याचं फुगलं महिन्याभरानं.
औषध माझ्या खिशातच होतं, बाटली अर्धी.
आधी बोट आडवं ठेवलं,
बाईंनी ठेवलं होतं तसं.
टिचकी दिली.

पलीकडच्या तळव्याला
लाट लागली.

पुन्हा दिली.
पुन्हा लागली.

बाबासो दारात उभा. “जंतच न्हवं गा?”
भट्टी चालू होती, ब्लोअरचा आवाज मोठा होता,
मी ऐकू न आल्यागत केलं
आणि रिक्षा बघायला बाहेर पडलो,
पिल्लू शर्टाच्या आत,
त्याचं पोट माझ्या पोटाला लावून.