तळ्यांचे पत्ते

रामदासपेठेतल्या पॅथॉलॉजीचा सर्व्हर माझ्याकडे आहे.
त्याच्या पोटात पाच कंटेनर,
नावं तळ्यांची.
फुटाळ्यात रिपोर्ट, गोरेवाड्यात बिलं,
सोनेगावात जुना साठा,
अंबाझरीत तारखा,
सक्करदऱ्यात काहीच नाही, माझ्या चुकांपुरती जागा.

काल दुपारी सेहेचाळीस डिग्रीत लाईट गेली,
आली,
आणि सगळी तळी जागची हलली.
एकशे चारवर झोपलेला फुटाळा
एकशे एकतीसवर जागा झाला.
प्रिंटर जुन्याच दारावर थापा मारत बसला
आणि बाकड्यावर निपानेकाकू,
सकाळी उपाशीपोटी रक्त दिलेल्या,
साखर किती म्हणून विचारत.
डॉक्टर ढोके फोनवर,
"मॅडम, काऊन असं होऊन राहिलं?"

काऊन म्हणजे,
आत एकजण पत्ते वाटतो.
दिलदार आहे, विसरभोळा.
दिसेल ती रिकामी खोली देतो
तासाभराच्या करारावर.
माझा घरमालक निदान अकरा महिने तरी देतो.

रात्री मानेवाड्याला
कूलरची टाकी भरली, वही काढली.
दोन ते पन्नास त्या दिलदाराच्या हाताबाहेर ठेवले.
फुटाळा, एकवीस.
गोरेवाडा, बावीस.
तेवीस सोडला.
सोनेगाव, चोवीस.
अंबाझरी, पंचवीस.
सक्करदरा मात्र फुटाळ्यावरून उचलला होता,
अंगावरचा आकडा बदलायचा राहिला.
दोघंही म्हणाले, मी एकवीस,
आणि हाक कधी ह्याला, कधी त्याला.
अर्धा तास मी वाळ्याच्या ओल्या वासात
स्वतःलाच शिव्या देत होते.

मग सगळं मीच बंद केलं. पुन्हा चालू केलं.
फुटाळा? एकवीस.
परत बंद, परत चालू.
एकवीस.
तळ्यानं असंच असावं,
आपण नसलो तरी तिथंच.

तेवीसवर नाईक तलाव होता.
दीपंकर गजभियेनं बांधलेला, इथला पहिला.
तो पुण्याला गेला, मार्चमध्ये मी तळं बुजवलं.
तरी रोज रात्री सव्वादोनला
त्याची कुठलीशी जुनी स्क्रिप्ट
तेवीसला हाक मारते.
थांबते.
आणखी दोनदा मारते.
मग गप्प.

कुठं आहे ती, मला माहीत आहे.
एका ओळीत बंद होईल.
वहीत तेवीससमोर
पेन्सिलीनं लिहिलंय, राखीव.