मिठाची रेषा

लडकू मढवी मंगळवारी गेला.
बातमी आली तेव्हा मी दुकानात नारळ सोलत होतो.
गिऱ्हाईक म्हातारंच, गोठिवलीचं.
ते म्हणालं, "डाव्या पायाचा का?"
मी म्हणालो, "हो, डाव्या पायाचा."
गावात लडकू तसे चार होते.
नारळ माझ्या हातातच राहिला,
ते पैसे ठेवून निघून गेलं.

दहाव्याला खाडीवर आम्ही अकराजण.
अकरा, पण टीम म्हणू नका.
दोघांच्या गुडघ्यांत वाट्या बदललेल्या,
एकाला दिवसाआड डायलिसिस,
आणि आमच्यातला कुणीच कधी खेळला नव्हता.
आम्ही बांधावरचे.
आम्ही ओरडणारे.

मिठागर आटोपलं की तळ टणक व्हायचा,
त्यावर आम्ही मैदान आखायचो,
चुना कोण आणणार, मिठानंच.
पांढऱ्यावर पांढरी रेषा.
लडकू अनवाणी.
बॉल त्याच्या डाव्या पायाशी असा राहायचा
जसं वासरू गाईशी,
ढकललं तरी फिरून तिथंच.
उजवा पाय त्याला फक्त उभं राहायला लागायचा.

चौऱ्यांशी साली रंगाच्या कंपनीशी फायनल.
त्यांच्या पायात बूट, अंगात निळे टीशर्ट,
रेफ्रीसुद्धा त्यांच्याच कँटीनमध्ये जेवणारा.
पाचचा भोंगा व्हायला थोडाच वेळ,
लडकूनं कोपऱ्यावरून बॉल काढला,
तिघांना खाली बसवलं आणि मारला.
जाळं हललं.
रेफ्री म्हणाला, बॉल आधीच बाहेर गेला होता.

बाहेर म्हणजे कुठं?
तासाभरात पाचपन्नास पायांनी ती रेषा
अर्धी आपल्याबरोबर नेलेली.

चाळीस वर्षं झाली.
आमच्या पोरांच्या लग्नांत, हळदींत,
सिडकोच्या साडेबारा टक्क्यांच्या रांगेत
आम्ही तो बॉल आत ठेवलाय.
हरिश्चंद्रनं तर त्यावरून मेहुण्याशी बोलणं टाकलं.
लडकूला विचारलं की तो नुसता हसायचा,
तंबाखू मळायचा,
रात्रपाळीला निघून जायचा.

पिंडाला कावळा शिवेना.
हरिश्चंद्र पुढं झाला, हात जोडून म्हणाला,
"लडकू, गोल व्हता. आम्ही हायेत सांगायला."
कावळा आला नाही.
आम्ही आपसात स्कोअरवरून भांडायला लागलो
आणि पाठ वळल्यावर कधीतरी तो येऊन गेला.

तेव्हा हिरूवहिनी बोलल्या,
पदर नीट करत, कुणाकडं न बघता:
"भायेर व्हता त्यो.
लगीन झालं त्याच वर्सी मना सांगलंन त्यानी.
म्हनला, पायाला समाजतं."

कुणी काही बोललं नाही.
भरतीचं पाणी चपलांपर्यंत आलं.
मग पुंडलिकनं घसा साफ केला,
"वहिनी, तुम्हाला त्यातलं काय कळतं."
आणि आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या,
बाईमाणसाचं, दुःखातलं बोलणं, म्हणून.
घरी येताना मात्र रिक्षात कुणी स्कोअर काढला नाही.

त्या रात्री झोप नव्हती कुणालाच.
मैदानावर आता मॉल आहे,
कोपऱ्याचा झेंडा होता तिथं पार्किंगचा खांब, बी चौदा.
आम्ही चौघं गेलो.
हरिश्चंद्रनं मिठाची पुडी फोडून रेषा ओढली,
वाकडी, हात थरथरतो त्याचा.
बॉल कुठला, मी तो नारळ आणला होता.
डावा पाय कुणाचाच नव्हता,
तरी पुंडलिकनं डाव्यानंच ढकलला.
नारळ गडगडला,
डुलला,
रेषेवर अर्धा थांबला.

"आत," हरिश्चंद्र म्हणाला.
मी काही म्हणालो नाही.
मला हिरूवहिनींचा पदर दिसत होता.

वॉचमन धावत आला, विशीचा पोरगा,
गळ्यात दोरीला शिट्टी.
"काय हरवलंय, काका?"
"तूच बघ," पुंडलिक म्हणाला. "आत का बाहेर?"
तो खरंच वाकला, टॉर्च लावला,
एक डोळा मिटून बघितलं बराच वेळ,
आणि शिट्टी तोंडाला लावून जोरात फुंकली.

आमच्या मागून एक पांढरी गाडी रिव्हर्स येत होती,
तिच्यासाठी.

आम्ही मात्र ओरडलो.