गवतावरचे चौकोन

जूनमध्ये हीउमा बेटावर रात्र नुसती नावाला येते,
उंबऱ्यावर टेकते, बसत नाही.
म्हणून हेल्वेने ठरवलंय:
सकाळच्या बोटीचा भोंगा वाजला की पिल्लं बाहेर,
संध्याकाळच्या बोटीचा वाजला की आत.
सूर्य काय म्हणतो ते विचारायचं नाही.

पहिला पिंजरा तिने कोंबड्यांच्या जाळीचा केला होता.
षटकोनी भोकं. दुकानदार म्हणाला, सगळे हीच नेतात.
तिसऱ्या दिवशी जाळीला चिकटून झोपलेलं एक पिल्लू
करड्या पाठीच्या कावळ्याने
होतं तिथूनच, थोडं थोडं नेलं.
ही जाळी आतल्याला आत ठेवते, एवढंच.
बाहेरच्याशी तिचं काही बोलणं झालेलं नसतं.

एक गेल्याचं दुःख नव्हतं असं नाही.
पण काळ सोकावतो, हे हेल्वेच्या भाषेतही
कोणी ना कोणी म्हणतच असणार.

मग करंगळी जाणार नाही अशी जाळी,
उर्मासच्या लहानपणच्या पलंगाची चौकट,
खालून वळवून वीतभर बाहेर पसरलेली कड,
कारण कोल्हा खणतो, आणि त्याला घाई नसते.
वर मासेमारीचं जाळं.
नवऱ्याच्या हातच्या गाठी त्यात अजून आहेत;
तिला त्या सोडवता येत नाहीत,
गरजही पडलेली नाही.

पाणी केकच्या पसरट ट्रेमध्ये, दोन बोटं,
चढून यायला आत एक वीट.
बदकाची पिल्लं बुडतात
असं सांगितलं तर लोक हसतात.
पण आईविना उबलेल्या पिसांना तेल लागलेलं नसतं,
भिजली की कुडकुडतात,
बघता बघता मान टाकतात.
मग टॉवेल. मग स्वेटरच्या आत, काखेपाशी.
आईपण तिने आता एवढंच ठेवलंय,
मावेल तेवढं.

रोज पिंजरा त्याच्याच लांबीइतका पुढे सरकवायचा.
मागे उरतो एक फिकट चौकोन,
शीट, चिखल, पावलांचे छोटे पंखे.
हेलसिंकीहून उर्मास फोनवर विचारतो,
"काय चाललंय?"
ती म्हणते, "सफरचंदाच्या झाडापर्यंत पोचलो."
कोण, ते तो विचारत नाही.
त्याच्या मागे कुठेतरी ड्रिल चालू असतं.

दर भोंग्याला मोजायची. अकरा.
एकदा दहाच भरली,
तिने कुंपण, खड्डा, बिछोड्याची झुडपं पालथी घातली,
आणि अकरावं तिच्या गमबुटावर बसून
मजेत लेस ओढत होतं.

ऑगस्टमध्ये अंधार परत आला.
तिने जाळं गुंडाळलं, दार काढून भिंतीला लावलं.
बदकं झाली होती, आवाज फाटलेले.
सकाळभर अंगण चिवडत हिंडली
आणि ऊन चढलं तशी परतली,
आत नाही,
पिंजऱ्याच्या सावलीत,
जाळीला बाहेरून पाठ लावून बसली.

हेल्वेने भोंगा नसताना मोजली.
मग सवयीने वाकून पिंजरा पुढे ढकलला.
सावली सरकली,
तशी सगळी उठली, कुरकुरत,
आणि सरकली.