रुपया वाजवून

बत्तीस वर्षं अमळनेर आगारात वाहक होतो.
खोटं नाणं बोटांना अंधारातही कळायचं,
चोपड्याच्या शेवटच्या गाडीत, आतले दिवे गेलेले,
तरी म्हणायचो, दादा, हे बदलून द्या.
लीलाधर मात्र मला कळला नाही.

तो आला तेव्हा खिशाला तीन पेनं होती, हातात टेप.
भिंतींची मापं घेताना आकडे मोठ्याने म्हणायचा,
लिहीत नव्हता.
मी म्हटलं, कागदावर काही?
"नाना, तुम्हनं घर ते मन्हं घर.
कागद परकासले लागस. मी शे ना."

मी शे ना.
या तीन शब्दांवर चाळीस हजार मोजले,
थुंकी लावून, दोनदा,
रात्री आगारात हिशेब भरायचो तसे.
पावती मागितली नाही.
बिनतिकीट माणसं उतरवण्यात ज्याची हयात गेली
त्याने.

प्रमिलेचे गुडघे गेलेत, म्हणून हे सगळं.
खाली बसवत नाही, उंच कमोड हवा,
उठताना धरायला भिंतीला दांडा.
पहिल्या दिवशी त्यांनी जुनी न्हाणी फोडली.
पाचव्या दिवशी अर्ध्या फरश्या बसवल्या.
सहाव्या दिवशी लीलाधरची मावशी वारली,
मग मेव्हणीचं लग्न, मग रेती बंद,
मग फोनच बंद.

एप्रिल. पत्रा बोट ठेवू देत नव्हता.
प्रमिला बादली घेऊन समोर महाजनांकडे जायची,
पहाटे, त्यांच्यातलं कुणी उठायच्या आत.
परत येताना मान वर करत नसे.
मला काही बोलली नाही.
बोलली असती तर बरं झालं असतं.

मजुरांतली ठगूबाई तेवढी परत आली,
घमेलं राहिलं म्हणून.
तिचीही आठ दिवसांची मजुरी बुडालेली.
उंबऱ्यात बसून बशीतला चहा संपवला
नि म्हणाली, रुपया द्या.
मला वाटलं, मागतेय.
ती न्हाणीत शिरली,
नव्या फरशीवर रुपया ठोकू लागली, कान खाली नेऊन.
"भरेल शे ती गप ऱ्हास, नाना.
पोकय शे ती बोलस."

टक. टक.
टण्ण.
एकवीस फरश्यांतल्या चौदा बोलल्या.
चार कोपऱ्यांत मालाचे चार गोळे, मधे नुसती हवा.
पाइप दाखवला तिने: कुणाच्या तरी घरातला जुना,
वरून रंग दिलेला.
म्हटलं, हे आधी का नाही सांगितलंस?
"तुम्हीन इचारं का माले?"
आणि घमेलं डोक्यावर पालथं घालून उन्हात चालू पडली.

खरंच नव्हतं विचारलं.
तिला नाही, आधीच्या गिऱ्हाइकांना नाही,
कुणालाच.

आता रुपया खिशात असतो.
भिकन मिस्तरीचं नाव निघालं तेव्हा
त्याने केलेली तीन घरं बघून आलो.
पारोळ्याला एका बाईने विचारलं,
नाना, भिंतीत देव शोधताय का?

भिकन फार बोलला नाही.
दसऱ्याच्या आत जमणार नाही, म्हणाला.
आगाऊ आत्ता नको.
माल तुम्ही आणा, बिलं तुमच्या नावाची.
आणि या विटांत दांडा टिकणार नाही,
आधी काँक्रीट भरावं लागेल, खर्च वाढेल.
इतके नकार एका दमात.
मी कान देऊन ऐकले. कुठेच टण्ण झालं नाही.
मग त्याने प्रमिलेला खुर्चीवर बसवलं,
जमिनीपासून तिच्या गुडघ्यापर्यंत टेप धरला
आणि आकडा वहीत लिहिला.

तोवर महाजनांची न्हाणी.
बादली आता मी नेतो, फाटकाशी उभा राहतो.
काल तिथूनच दिसलं,
कोपऱ्यावरच्या घरी टेप लावून कुणी
आकडे मोठ्याने म्हणतोय, खिशाला तीन पेनं.
बादली खाली ठेवली.
रस्ता ओलांडून गेलो नि घरमालकाला म्हटलं,
भाऊ, जरा ऐका.
त्याच्या हातावर रुपया ठेवला.