नऊ तोळे

हेमकांतने सुरतेहून आणला.
म्हणाला, काकू, टायटॅनियमची मूठ आहे,
विमानात घालतात तो धातू,
आणि तरी स्वस्त.
कोकिळाबाई म्हणाली, टायटन?
घड्याळवाले आता चाकू करू लागले?

स्वस्त म्हणजे अठराशे पन्नास.
केळीच्या पॅकिंगवरची माझी सहा दिवसांची रोजी,
वर रिक्षाचे पन्नास.
त्याला तसं बोलले नाही.
पोरगं रात्रभर पॅसेंजरमध्ये उभं होतं,
अमळनेरहून पहिल्या एसटीने आलं.

आधी वजन.
खोक्याच्या काट्यावर ठेवला.
तेरा तेरा किलोची सवय त्याला,
त्याने शून्य दाखवलं.
मग चोपड्याला गेले तेव्हा सराफाकडे,
नथीचा फासा सैल झाल्याचं निमित्त काढून.
ब्याण्णव ग्रॅम.
नऊ तोळे, वर दोन ग्रॅम, सोनार हसला.
त्या तराजूत माझं एवढं काही
आजवर कधी चढलं नव्हतं.

मग कुलूप.
हिलाल लोहाराचा ऐंशी रुपयांचा चाकू मिटतच नाही,
गोणपाटात गुंडाळून न्यावा लागतो.
हा मिटतो. आणि उघडला
की मुठीतूनच चिरून काढलेली एक पट्टी
आत सरकते,
पात्याच्या टाचेमागे ठाकते.
वेगळी कडी नाही, खिटी नाही.
जिने धरायचं, तिनेच अडवायचं.

बाभळीच्या ओंडक्यावर पाठ आपटली, दहा वेळा.
मिटला नाही.
पातं चिमटीत धरून हलवलं:
वर-खाली नाही, आडवं जरासं,
कानातल्या डुलाएवढं.
हेमकांतने स्क्रू आवळला
तर उघडताना अंगठा दुखू लागला.
परत पाव फेरा सैल.

खरी परीक्षा चिकाची.
केळीचा चीक साडी सोडत नाही, नखं सोडत नाही.
तीनशे घडांच्या फण्या उतरवल्या.
मूठ पुसली, राखाडी ती राखाडी.
पात्यावर मात्र बशीत चहा वाळावा तसे डाग,
आणि खिळ्यात चीक शिरून सुकला
तर सकाळी चाकू झोपेतून उठेना.
ट्रॅक्टरमधल्या डिझेलचे दोन थेंब.
पट्टीही टाचेला चिकटून बसायची, सुटता सुटेना.
तिथे पोरीच्या कंपासातली पेन्सिल घासली.
सुटली.
हे डबीवर कुठे लिहिलेलं नव्हतं.

धार?
नवा होता तेव्हा दांड्यावरून फणी उतरायची
ती आवाज न करता.
चौथ्या दिवशी आवाज आला.
हिलालच्या चाकूचा दुसऱ्याच दिवशी येतो,
पण तो विहिरीच्या पायरीवर दोनदा घासला की झालं.
याला पायरी चालत नाही.
नेला हिलालकडेच.
त्याने उलटसुलट पाहिला,
पोलाद ठीक आहे म्हणाला,
मूठ नखाने वाजवली, कानाशी नेली,
ही कशाची ते काही सांगेना.
मग माझ्या हाताकडे बघून:
तू तर डावखुरी ना वं?

तेच.
पट्टी उजव्या अंगठ्याच्या हिशेबाने कापलेली.
डाव्या हातात मिटायचा तर तर्जनी वाकवून
ओढावी लागते, आडातून दोर ओढावा तशी,
आणि बोट पात्याच्या वाटेत येतं.
दोनदा आलं.
दुसऱ्यांदा हळद लावली आणि कोणाला सांगितलं नाही.

हेमकांतचा फोन: काकू, चाकू कसा शे?
बरा शे, म्हटलं. हलका शे.
बोटाचं नाही काढलं.

मोठ्या दांड्यांना अजून हिलालचाच.
हा कमरेला, पिशवीत.
जेवायच्या सुट्टीत कांदा याने चिरते,
खोक्याची पट्टी याने कापते.
कोकिळाबाई मागून घेते,
उघडते, मिटते, उघडते, मिटते,
उजव्या हाताने, बोलता बोलता,
न बघता.

दे इकडे, म्हणते मी.